प्रेक्षागृहातील आपली खुर्ची

सत्तरी ओलांडलेल्या मंडळींना रक्तदाब मोजता मोजता मी एक प्रश्न हमखास विचारतो : "शेवटचे नाटक केव्हा पाहिलेत?" उत्तर बहुधा एकाच वळणाचे असते : "आता कुठे हो, डॉक्टर!" थोडे अधिक विचारले की लक्षात येते, आवड मुळीच ओसरलेली नाही. जुन्या संगीत नाटकांतली पदे अजून पाठ असतात, वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती आवर्जून वाचल्या जातात. अडते ते निराळ्याच ठिकाणी. अंधारात पायऱ्या दिसत नाहीत. गुडघा दुमडून दोन तास बसवत नाही. लघवीला जायचे तर अकरा माणसांना उठवावे लागते. संवाद निम्मेच ऐकू येतात. मग एकदा फजिती होते, दुसऱ्यांदा कुणाला तरी त्रास दिल्याची टोचणी लागते आणि तिसऱ्यांदा तिकीटच काढले जात नाही.

वाचकहो, यांतील बहुतेक अडचणींचे उत्तर औषधाच्या दुकानात नसून तिकीट खिडकीवर असते. आपण कोणत्या खुर्चीवर बसतो, यावर त्या संध्याकाळचे सुखच नव्हे तर सुरक्षितताही अवलंबून असते. घराबाहेर पडणे, समवयस्कांत बसणे, मनमुराद हसणे हे वार्धक्यात चैनीचे नव्हे, गरजेचे आहे. नाटक सुटले की पुढे लग्नकार्य सुटते, मग संघाची सभा सुटते आणि माणूस हळूहळू चार भिंतींत मिटत जातो. म्हणून आज प्रेक्षागृहातील आसनाविषयी थोडे सविस्तर.

प्लॅन पाहताना

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहाच्या रचनेलाच वाहिलेला आहे. मर्त्य प्रेक्षकांसाठी त्यात मध्यम आकाराचे, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद नाट्यगृह योग्य मानले आहे. त्याहून मोठ्या वास्तूत नटाचा आवाज विरून जातो आणि मुखावरील भाव अस्पष्ट होतात, असे कारणही दिले आहे. बैठका पायऱ्यांसारख्या चढत्या असाव्यात, असेही सांगितले आहे. हात म्हणजे अंदाजे दीड फूट. एकूण लांबीपैकी अर्धी जागा प्रेक्षकांची, म्हणजे सर्वांत मागचा रसिकही रंगभूमीपासून पन्नासएक फुटांच्या आतच! आधुनिक नाट्यगृहांचे रचनाकारदेखील नाटकासाठी सुमारे २० मीटर, म्हणजे ६५ फूट ही मर्यादा मानतात. त्यापलीकडे चेहऱ्यावरील बारीक भाव धडधाकट डोळ्यांनाही नीट दिसत नाहीत.

दोन रांगांमधील अंतर साधारण तीन फूट धरले, तर ज्येष्ठांसाठी पाचवी ते दहावी रांग सर्वसाधारणपणे उत्तम ठरते. पहिल्या दोन-तीन रांगांचा मोह टाळावा. तेथे उंच रंगमंचाकडे पाहताना मान सतत मागे झुकलेली राहते. ज्यांना मानेच्या मणक्यांची झीज आहे किंवा मान वर करताच भोवळ येते, त्यांना हे दोन तास महाग पडतात. अगदी मागे, बाल्कनीच्या छताखालच्या रांगांत आवाज दबका होऊन येतो. श्रवण मंद झालेल्यांनी तेथे बसू नये. प्रत्यक्ष बाल्कनीविषयी तर काय सांगावे? तिकीट स्वस्त असते, पण तिथवरचे जिने आणि आतल्या उंच, अरुंद पायऱ्या पाहता गुडघ्यांना ती स्वस्ताई परवडत नाही.

तिकीट मोबाइलवरून काढले तरी केवळ रांगेचे अक्षर पाहून ठरवू नये. नाट्यगृहाला दूरध्वनी करून किंवा खिडकीवर जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. रस्त्यापासून प्रेक्षागृहाच्या दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? उद्वाहक किंवा उतार आहे का? दारातून आपल्या रांगेपर्यंत किती पायऱ्या उतराव्या लागतात? स्वच्छतागृह कोणत्या बाजूला व कोणत्या मजल्यावर आहे? बुकिंगवरील मंडळींना प्लॅनमधील प्रत्येक खुर्ची पाठ असते. "वडिलांना चालायला त्रास आहे" एवढे सांगितले की, ती आपण होऊन योग्य जागा सुचवतात.

कडेची खुर्ची, पण कोणत्या कडेची?

ज्येष्ठांसाठी कडेची खुर्ची घ्यावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु प्रत्येक वाटेला दोन कडा असतात आणि त्यांतील योग्य कड व्याधीनुसार बदलते. येथे डावे-उजवे म्हणजे रंगमंचाकडे तोंड करून बसलेल्या प्रेक्षकाचे डावे-उजवे, हे ध्यानात ठेवावे.

गुडघा पूर्ण वाकत नसेल किंवा त्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तो पाय वाटेच्या बाजूला यावा. डावा गुडघा दुखरा असल्यास वाट आपल्या डाव्या हाताला हवी, उजवा असल्यास उजव्या हाताला. म्हणजे अधूनमधून पाय वाटेत लांब करता येतो. मात्र कुणी ये-जा करू लागले की तो लगेच आत घ्यावा, अन्यथा आपला गुडघा वाचेल आणि दुसऱ्याचा फुटेल.

पक्षाघात होऊन गेलेल्यांसाठी नियम वेगळा आहे. उठून वळताना शरीराचा भार सशक्त बाजूवर घेणे सोपे असते, म्हणून वाट सशक्त बाजूला असावी आणि सोबतीने दुर्बळ बाजूच्या खुर्चीवर बसावे. काही रुग्णांना पक्षाघातानंतर एका बाजूचे दिसतच नाही. डाव्या बाजूचे दिसत नसेल, तर प्रेक्षागृहाच्या डाव्या भागात बसावे, म्हणजे संपूर्ण रंगमंच उजवीकडे, दिसणाऱ्या बाजूस येतो. डावे अंग लुळे आणि डावीकडची दृष्टी गेलेली, असे अनेकदा एकत्रच आढळते. अशांसाठी डाव्या विभागातील सर्वांत उजवीकडची खुर्ची दोन्ही गरजा भागवते : वाट उजव्या हाताला, रंगमंचही उजवीकडे, आणि सोबती डावीकडे.

कानांचेही तसेच. उजव्या कानाने अधिक चांगले ऐकू येत असेल तर प्रेक्षागृहाच्या डाव्या भागात बसावे, डावा कान चांगला असेल तर उजव्या भागात. अशा वेळी चांगला कान रंगमंचाकडे राहतो. कमी ऐकू येते म्हणून ध्वनिवर्धकाच्या शेजारी जाऊन बसणे मात्र उपयोगाचे नाही. तेथे आवाज मोठा होतो, पण शब्द स्पष्ट होत नाहीत, आणि श्रवणयंत्र लावलेल्यांना तर तो गोंगाट असह्य होतो. त्यापेक्षा नटांचे ओठ दिसतील इतक्या अंतरावर बसावे. श्रवण मंद झालेला माणूस नकळत निम्मे शब्द डोळ्यांनीच ऐकत असतो. याच कारणासाठी दूरचा चष्मा न विसरता न्यावा.

कंपवाताच्या रुग्णांना अरुंद जागेत वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्यांनी रांगेच्या मध्यभागी कधीही बसू नये. गर्दी ओसरल्यावरच त्यांनी उठावे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी मागील भागातील, दाराजवळची कडेची खुर्ची बरी. अंधार, अचानक होणारा मोठा आवाज किंवा रंगमंचावरील भांडण यांनी तिला अस्वस्थ वाटले, तर दोघांनाही गाजावाजा न होता बाहेर पडता येते. पूर्वी पाहिलेले नाटक किंवा ओळखीच्या गाण्यांचा कार्यक्रम निवडल्यास अशी व्यक्ती कित्येकदा सर्वांआधी गुणगुणू लागते.

एकाच माणसाच्या गरजा परस्परविरोधी निघाल्या तर? गुडघ्याला एक कड हवी आणि कानाला दुसरी? अशा वेळी आधी हालचालीची सुरक्षितता, मग श्रवण आणि शेवटी दृष्टी असा क्रम ठेवावा. थोडे कमी दिसले तर नाटक थोडे कमी कळेल, पडल्यावर मात्र नाटकच बंद होईल.

काळोखाचा पहिला अर्धा तास

बाहेरच्या उजेडातून अंधाऱ्या जागेत आल्यावर डोळ्यांना जुळवून घेण्यास वेळ लागतो, आणि वयानुसार हा वेळ वाढत जातो. पूर्णपणे सरावण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक लागू शकतो. साठीतील डोळ्याची बाहुली लहान झालेली असते आणि भिंग पिवळसर पडलेले असते. परिणामी विशीतील डोळ्याच्या दृष्टिपटलावर जितका प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतील डोळ्याच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. नातवाला जिथे सहज दिसते तिथे आजोबा चाचपडतात, हे बेसावधपणामुळे नव्हे.

म्हणून ज्येष्ठांनी तिसऱ्या घंटेची वाट पाहू नये. पहिल्या घंटेपूर्वी, दिवे लागलेले असतानाच स्थानापन्न व्हावे. दुपारच्या किंवा सायंकाळच्या लवकरच्या प्रयोगाचे तिकीट काढावे, परतीचा प्रवासही उजेडात किंवा निदान गर्दीच्या वेळी होतो. जवळचे आणि दूरचे दाखवणारा एकत्र चष्मा वापरणाऱ्यांनी पायऱ्या उतरताना विशेष सावध राहावे. आपण खाली पाहतो तेव्हा नजर वाचनाच्या भागातून जाते आणि पायरीची कड धूसर होते. हनुवटी थोडी खाली घेऊन, चष्म्याच्या वरच्या भागातून पायरी पाहण्याची सवय लावावी. प्रयोगासाठी नुसत्या दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला तर फारच उत्तम.

सोबत असणाऱ्यांनीही आपली जागा ओळखावी. पायऱ्या उतरताना सोबत्याने एक पायरी खाली, म्हणजे पुढे राहावे. चढताना एक पायरी मागे राहावे. ज्येष्ठांचा दंड धरून ओढू नये, उलट त्यांनाच आपले कोपर धरू द्यावे, म्हणजे चालण्याची गती त्यांच्या हाती राहते. मोबाइलचा उजेड त्यांच्या पावलांसमोर पाडावा, तोंडावर नव्हे. आणि पडदा पडल्यावर पाच मिनिटे बसून राहण्यात कोणताही कमीपणा नाही. गर्दीचा लोंढा गेला की, वाट मोकळी होते आणि दिवेही पूर्ण लागलेले असतात.

बसण्याचे आणि उठण्याचे शास्त्र

प्रेक्षागृहातील बहुतेक खुर्च्यांची बैठक आपोआप वर मिटणारी असते. उभे राहून पुढच्याला वाट दिली, की मागे ती मिटलेली असते आणि आपण नेमके अधांतरी बसू पाहतो. बसण्याआधी हाताने बैठक खाली दाबून धरावी, पायांच्या मागच्या भागाला तिचा स्पर्श झाल्याची खात्री करावी आणि मगच टेकावे. एवढ्या एका सवयीने कितीतरी अपघात टळतील. खुब्याच्या सांध्याचे रोपण झालेल्यांनी, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, गुडघे खुब्याच्या वर येतील अशा खोलगट खुर्चीवर बसू नये. शल्यचिकित्सकाने अनुमती दिली असल्यास घरून पक्की उशी न्यावी. कंबरेच्या पोकळीत गुंडाळलेली शाल ठेवली तर पाठ अवघडत नाही, आणि वातानुकूलन जास्त झाले तर तीच शाल पांघरता येते.

ठेंगण्या व्यक्तींचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि खुर्चीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते. ही गोष्ट क्षुल्लक नाही. १९४० साली लंडनवर विमानहल्ले होत असताना हजारो नागरिक आश्रयस्थानांत डेक चेअरवर बसून रात्र काढीत. त्या काळात फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्पसन या विकृतिशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात नोंदवले. खुर्चीच्या पुढच्या दांडीचा पायांतील शिरांवर येणारा दाब हे एक कारण त्यांनी मांडले. दीर्घकाळ निश्चल बसणे आणि शिरांतील गुठळ्या यांचा संबंध वैद्यकाच्या ध्यानात येण्यास अशा निरीक्षणांचा मोठा हातभार लागला.

यावरून कुणी नाटकाची धास्ती घेऊ नये. दोन-अडीच तासांचा प्रयोग आणि मध्ये मध्यंतर, यात सामान्य प्रकृतीच्या माणसाला काळजीचे कारण नाही. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, दीर्घ आजारातून उठलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा पूर्वी पायात गुठळी झालेले यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावे. इतरांनी दर अर्ध्या तासाने टाच टेकवून चवडा उचलावा, चवडा टेकवून टाच उचलावी, असे वीस वेळा करावे. पोटरी आवळली की, शिरांतील रक्त वर ढकलले जाते. शेजाऱ्याला कळतही नाही. पायाखाली पिशवी किंवा लहान पाट घेऊन मांडीवरचा दाब कमी करावा. घरी परतल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली तर सकाळची वाट पाहू नये.

उठतानाही घाई नको. बराच वेळ बसून एकदम उभे राहिल्यास रक्त पायांत साचते आणि मेंदूकडे जाणारा पुरवठा क्षणभर कमी पडतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्यास आम्ही दोष मानतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या आणि मधुमेहाने दुबळ्या झालेल्या नसा यांमुळे तो वाढतो. प्रयोग संपून सारे सभागृह टाळ्यांसाठी उभे राहते, तेव्हा आपणही झटकन उभे राहण्याची ऊर्मी येते. कलावंतांना बसूनच मनापासून टाळ्या द्याव्यात. मग पाय हलवावेत, समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभे राहावे, मनात वीस अंक मोजावेत आणि नंतर पाऊल उचलावे.

मध्यंतर

पूर्वीची संगीत नाटके रात्रभर चालत. आता दोन अंक आणि दहा-पंधरा मिनिटांचे मध्यंतर असते. तेवढ्या वेळात स्वच्छतागृहाची रांग, बटाटेवडा आणि चहा हे तिन्ही साधायचे म्हणजे कसरतच. ज्येष्ठांनी प्रयोगापूर्वी एकदा जाऊन यावे आणि मध्यंतराचे दिवे लागताच सर्वप्रथम निघावे. कडेच्या खुर्चीचा खरा लाभ येथे कळतो. वड्याची जबाबदारी सोबत्यावर सोपवावी.

लघवीची गोळी चालू असेल तर प्रयोगाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. बहुधा वेळ मागेपुढे करता येते. मात्र गोळी परस्पर चुकवू नये आणि दिवसभर पाणी पिणे बंद करण्याचा घरगुती उपाय तर मुळीच करू नये. त्याने रक्तदाब आणखी उतरतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घरून इंजेक्शन घेऊन 'जेवण नाटकानंतर' असा बेत कधीही आखू नये. प्रयोग उशिरा सुरू होतो, लांबतो, आणि साखर मात्र वेळेवर उतरते. खिशात साखरेच्या गोळ्या असाव्यात. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही जाणवल्यास त्या लगेच तोंडात टाकाव्यात.

आणखी एक. छातीत दडपल्यासारखे झाले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर "अंक संपू दे" म्हणून थांबू नये. लोकांना उठवण्याच्या संकोचापायी वाया गेलेली पंधरा मिनिटे हृदयाला परत मिळत नाहीत. सोबत्याला तत्काळ सांगावे, डोअरकीपरची मदत घ्यावी. पहिल्या पाच मिनिटांतच बाहेर जाण्याचे जवळचे दार कोणते, हे सोबत्याने पाहून ठेवलेले असावे.

चाकाच्या खुर्चीसाठी जागा

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक वास्तू सुगम असाव्यात असे बजावतो. केंद्र शासनाने २०२१ साली सुगम बांधकामाविषयी सुधारित मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली आहेत. चाकाच्या खुर्चीला सुमारे ९० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब अशी मोकळी, सपाट जागा लागते. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची आणणार असल्याचे सांगावे आणि सोबत्याची जागा मागच्या रांगेत नव्हे, शेजारीच मागावी. खुर्ची मधल्या वाटेत उभी करून चालत नाही, सोय तात्पुरती होते पण सर्वांची वाट अडते.

वाट अडण्याचा अर्थ काय, हे दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहाने दाखवले आहे. १३ जून १९९७ रोजी तेथे तळमजल्यावरील रोहित्रास लागलेल्या आगीचा धूर बाल्कनीत शिरला आणि ५९ जणांचा मृत्यू झाला. ज्यादा खुर्च्या बसवण्यासाठी बाल्कनीतील उजवीकडची वाट बुजवलेली होती आणि आठ खुर्च्यांच्या एका खासगी कक्षामुळे त्या बाजूचे दारही बंद झाले होते, हे पुढे न्यायालयात स्पष्ट झाले. आसनव्यवस्थेत चार खुर्च्या वाढवण्याचा मोह किती महाग पडू शकतो, याचे हे विदारक उदाहरण कोणत्याही आयोजकाने विसरू नये.

आपल्या संघाचा कार्यक्रम

हे आयोजक अनेकदा आपणच असतो. ज्येष्ठ नागरिक संघाचे स्नेहसंमेलन, सोसायटीचा गाण्याचा कार्यक्रम, मंगल कार्यालयातील सत्कार अशा प्रसंगी खुर्च्या मांडण्याचे काम मंडपवाल्यावर सोडून दिले जाते आणि तो जास्तीत जास्त खुर्च्या बसवतो. श्रोते सत्तरीचे असतील तर हिशोब उलटा करावा : खुर्च्या किती बसतात हे न पाहता, माणसे सुखाने किती बसतात हे पाहावे.

खुर्च्या हातांच्या असाव्यात. हातावर जोर देऊन उठता येते, बिनहाती खुर्चीवरून उठताना शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागतो. प्लास्टिकच्या जुन्या खुर्च्यांचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. प्रत्येक खुर्चीवर कार्यकर्त्याने आधी स्वतः बसून पाहावे आणि तडा गेलेली बाजूला काढावी. एका ओळीत सलग आठ-दहांहून अधिक खुर्च्या नकोत, आणि दोन ओळींत गुडघ्यांपुढून काठी घेतलेला माणूस जाऊ शकेल इतके अंतर हवे. मागच्या ओळीतील खुर्ची पुढच्या दोन खुर्च्यांच्या फटीसमोर येईल अशी मांडली, तर सपाट जमिनीवरही पुढच्याचे डोके आड येत नाही. चाकाच्या खुर्च्यांसाठी एकच कोपरा न ठेवता दोन-तीन ठिकाणी ओळीच्या टोकाला जागा सोडावी, म्हणजे त्या मंडळींना आपल्या मित्रांत बसता येते. ध्वनिक्षेपकाची वायर वाटेतून न्यावीच लागली तर ती चिकटपट्टीने पूर्ण झाकावी.

आणि त्या पुढच्या सोफ्यांविषयी! पहिली रांग निमंत्रितांसाठी राखून ठेवण्याची आपली रीत आहे. निमंत्रित उशिरा येतात, लवकर जातात आणि कमी ऐकू येणारे सभासद मात्र मागे कानामागे हात धरून बसतात. शिवाय सत्कारमूर्ती ऐंशीच्या असतील, तर त्या खोल, मऊ सोफ्यात अशा रुततात की, नाव पुकारल्यावर त्यांना उठवायला दोघे लागतात. त्यांना सरळ पाठीची, हातांची, पक्की खुर्ची देणे हाच खरा सन्मान. पुढची रांग ज्यांना कानांची अडचण आहे त्यांना द्यावी.

शास्त्रीय संगीताच्या मैफलींत भारतीय बैठकही असते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात बैठक आणि खुर्च्या असे दोन्ही पर्याय असतात. बैठकीचा आनंद मोठा खरा, परंतु गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि जमिनीवरून आधाराविना उठू न शकणाऱ्यांनी खुर्चीच घ्यावी. ज्यांना बैठकच प्रिय आहे त्यांनी भिंतीशी किंवा खांबाशी जागा धरावी आणि दर दोन रागांनंतर उठून चार पावले चालून यावे.

वाचकहो, कार्यक्रमांचा हंगाम जवळ आला की, घरातील तरुणांनी एक काम करावे. आईवडिलांना "येता का?" असे विचारू नये, त्याचे उत्तर "तुम्हीच जा" हेच असते. आधी त्यांचा दुखरा गुडघा कोणता, चांगला कान कोणता, पायऱ्या किती झेपतात हे एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ती चिठ्ठी घेऊन तिकीट खिडकीवर जावे, प्लॅनवर योग्य खुर्ची शोधावी आणि शेजारची आपल्यासाठी घ्यावी. मग त्यांच्या हाती तिकीटच ठेवावे. खुर्ची आपल्या प्रकृतीला साजेशी आहे हे कळले की, नकाराची बहुतेक कारणे आपोआप गळून पडतात. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणती साडी नेसायची आणि मध्यंतरात वडा खायची परवानगी आहे का. आहे. एकच, आणि चटणी बेताने.